टरफलं उचलायची कुणी?

मासे पाळण्याचं सामान विकणाऱ्या दुकानात मिथिलीन ब्ल्यूची छोटी बाटली मिळते. माशांना बुरशी लागली की टाकीत मोजके थेंब टाकायचे, एवढाच तिचा उपयोग. मी ती वेगळ्याच कामासाठी आणली होती. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, एक थेंब सोडला, पेला निळाभोर झाला. शेंगांची टरफलं आधीच उकळत्या पाण्यात दोनदा धुऊन, उन्हात वाळवून, मिक्सरमधून काढून ठेवली होती. ती पूड दोन चमचे त्यात टाकली आणि ढवळत बसलो. दहाएक मिनिटांत निळाई उतरायला लागली. अर्ध्या तासानं पाणी पाण्याच्या रंगाचं आणि पूड निळी.

घरातल्यांनी कौतुक केलं. मग कुणीतरी विचारलं, आता ही पूड बाहेर कशी काढणार? चहाच्या गाळणीतून बारीक पूड खाली आली. फडक्यातून गाळायला गेलो तर चार मिनिटांत फडकं तुंबलं. पेला रात्रभर ठेवला, तर सकाळी थोडी पूड तळाशी, थोडी वर तरंगत, आणि सगळ्यात बारीक भाग मधेच लोंबकळत. टिळकांच्या शाळेतल्या त्या गोष्टीसारखा प्रश्न उभा राहिला: टरफलं उचलायची कुणी?

वनस्पतींपासून बनवलेल्या चुंबकीय पदार्थांनी रंगाचं सांडपाणी शुद्ध करायचं, असं संशोधनाचं मोठं क्षेत्र आहे. त्याचं नाव ऐकून वाटतं की लोहचुंबक रंग ओढून घेतं. तसं काही होत नाही. रंग पकडते ती टरफलाची पूड. चुंबक फक्त टरफलं उचलतं. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी हा रंग पाण्यात येतो कुठून ते बघू. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीचं उदाहरण घ्या. यंत्रमागावर कापड विणलं की ते प्रोसेसला जातं. तिथे त्याची कांजी काढायची, ब्लीच करायचं, रंगवायचं, पुन्हापुन्हा धुवायचं. किलोभर सुती कापडामागे ढोबळमानानं शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं. यंत्र नि पद्धत बदलली की आकडा खाली-वर होतो. सुती कापडाला आज सर्वात जास्त वापरले जातात ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग. हे रंग १९५६ मध्ये बाजारात आले. त्यांच्या रेणूला एक आकडा, म्हणजे हुक, असतो, तो कापसाच्या धाग्यात रासायनिक बंधानं अडकतो, म्हणून रंग धुतला तरी जात नाही. गोम अशी की हा आकडा कापसात अडकतो तसाच पाण्यातही अडकतो. ज्या रेणूचा आकडा पाण्याशीच जुळून गेला, तो कापडाच्या कामाचा उरत नाही. धुताना तो गटारात जातो. रंगाची छटा किती गडद, पद्धत कोणती, त्यावर दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा वाया जातो. सोबत जातं भरपूर मीठ आणि सोडा, कारण त्यांच्याशिवाय हा रंग कापसावर बसतच नाही.

दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतो, "रंग जाणार नाही, गॅरंटी." ती गॅरंटी नदीतही लागू असते. ऊन, साबण, घाम यांना दाद देऊ नये म्हणूनच हा रेणू बनवलेला असतो. सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडून पोसलेले जिवाणू कांजी, साबण वगैरे खाऊन टाकतात, पण रंगाला फारसे तोंड लावत नाहीत. त्यात पुन्हा पाण्यात रंग लिटरला एक मिलिग्रॅमहून कमी असला तरी डोळ्याला दिसतो. पाण्यावर रंगाचा पडदा आला की खालच्या शेवाळाला, पाणवनस्पतींना ऊन कमी मिळतं. बाजारातले बहुसंख्य रंग 'अ‍ॅझो' घराण्यातले आहेत. दोन नायट्रोजन अणूंच्या जोडीवर उभे असलेले हे रेणू गाळात, जिथे ऑक्सिजन नाही अशा जागी तुटतात, आणि त्यातल्या काहींपासून बेंझिडीनसारखी कर्करोगकारक अमाइन्स तयार होतात. भारतानं नव्वदच्या दशकात अशा ११२ अ‍ॅझो रंगांच्या वापरावर बंदी घातली. सगळेच रंग विष असतात असा याचा अर्थ नाही. पण रंग चुगलखोर असतो. बाकीची रसायनं गुपचूप वाहून जातात, रंग मात्र पुलावर उभ्या असलेल्या माणसालाही दिसतो.

सध्या कारखान्यांच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत, रंगावर मुख्य उपाय म्हणजे हिराकस (लोखंडाचा एक क्षार) आणि चुना, किंवा तुरटीच्या जातीची रसायनं. ती टाकली की रंगाचे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि तळाशी बसतात. पाणी बऱ्यापैकी निवळतं. पण तळाशी जो गाळ साचतो तो रंगापेक्षा कितीतरी जास्त वजनाचा असतो, कारण त्यात आपणच टाकलेला चुना नि लोखंड असतं. हा गाळ उघड्यावर टाकता येत नाही, धोकादायक कचरा म्हणून पैसे मोजून पाठवावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे सक्रिय कोळसा. तो उत्तम काम करतो, पण महाग पडतो. शेंगांची टरफलं, उसाचं चिपाड, भाताचं तूस, कापूस वेचल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या, संत्र्याच्या साली यांच्याकडे लोक वळले ते इथे.

रंग टरफलाला का चिकटतो? पंख्याच्या पात्यावर धूळ बसते, तसा हा प्रकार. पात्याच्या आत धूळ शिरत नाही, पृष्ठभागावर बसते. याला अधिशोषण म्हणतात. अर्थात बसायला काहीतरी ओढ हवी. टरफल, चिपाड, तूस हे सगळं सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचं बनलेलं असतं, आणि या तिघांच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या छोट्या शेंड्या असतात. पाणी फार आम्लधर्मी नसेल तर त्यातल्या काही शेंड्या आपला हायड्रोजन सोडून देतात आणि ऋणभारित होतात. मिथिलीन ब्ल्यूचा रेणू धनभारित. मग जमायला वेळ लागत नाही. पूड जितकी बारीक तितका पृष्ठभाग जास्त, तितकं काम भराभर. पण पूड जितकी बारीक तितकी ती गाळायला अवघड. माझं फडकं तुंबलं ते याच तिढ्यामुळे.

लहानपणी लोहचुंबकाला दोरी बांधून वाळूतून फिरवलं नसेल असा माणूस विरळा. घरी येईपर्यंत चुंबकाला काळ्या चुऱ्याची दाढी आलेली असायची. त्या चुऱ्यात बहुधा मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनचं एक काळं संयुग. हेच मॅग्नेटाइट टरफलाच्या पुडीवर चढवलं तर? कृती ऐकायला अगदी साधी आहे. फेरिक क्लोराइड दोन भाग, फेरस क्लोराइड एक भाग, पाण्यात विरघळवायचं. त्यात पूड भिजत घालायची, म्हणजे लोखंडाचं पाणी तिच्या छिद्रांत शिरतं. मग गरम करून ढवळत ढवळत अमोनिया सोडायचा. तपकिरी पाणी बघता बघता काळं कुळकुळीत होतं. प्रयोगशाळेत हे पहिल्यांदा पाहताना नाक अमोनियानं झोंबत असतं, तरी नजर हटत नाही. बीकरच्या बाजूला चुंबक लावला की सगळा काळेपणा एका कडेला गोळा होतो आणि मधलं पाणी स्वच्छ दिसायला लागतं. चमचा नको, गाळणी नको.

दुसरी वाट भट्टीची. लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवलेलं तूस किंवा चिपाड हवा कमी ठेवून चारशे ते सातशे अंश सेल्सिअसला जाळायचं. कोळसाही तयार होतो आणि त्याच्या अंगभर चुंबकीय कणही. याला चुंबकीय बायोचार म्हणतात.

मॅग्नेटाइटचे हे कण वीसएक नॅनोमीटरचे असले की एक गंमत होते. एका केसाच्या जाडीत असे चारेक हजार कण ओळीनं बसतील. एवढ्या लहान कणांना कायमचं चुंबकत्व धरून ठेवता येत नाही. चुंबक जवळ आला की सगळे एका दिशेला, चुंबक दूर झाला की पुन्हा मोकळे. सर वर्गात असेपर्यंत हाताची घडी, सर बाहेर गेले की गोंधळ, तसंच. आपल्याला हाच गोंधळ हवा असतो. कण मोठे असते तर चुंबक काढल्यावरही एकमेकांना चिकटून राहिले असते, पुडीचे गोळे झाले असते आणि पुन्हा वापरताना तिचा अर्धा पृष्ठभाग गोळ्यांच्या आत दडला असता.

लोखंड किती घालायचं, हा मात्र तराजूचा खेळ आहे. जास्त घातलं तर चुंबक झटकन ओढतो, पण लोखंडाचं वजन रंग पकडायला फारसं कामाचं नाही आणि ते छिद्रंही बुजवतं. कमी घातलं तर पूड रंग छान धरते, पण चुंबकाकडे यायला टंगळमंगळ करते.

'वनस्पतीआधारित' हा शब्द आणखी एका अर्थानं वापरला जातो, तोही सांगून टाकतो. लोखंडी कढईत आवळे शिजवले की काळे पडतात. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून आपल्याकडे शाई करत. दोन्हीकडे वनस्पतीतली तुरट द्रव्यं लोखंडाला धरतात. कडुनिंबाचा पाला, चहाची पत्ती, डाळिंबाची साल यांचा अर्क लोखंडाच्या क्षारात घालून बारीक कण बनवतात, त्याला 'हरित' पद्धत म्हणायची चाल आहे. अर्क कणांभोवती साय धरतो, त्यामुळे ते एकत्र गोळा होत नाहीत. कल्पना सुरेख आहे. पण पाल्याचा काढा वापरला म्हणून सगळी कृती हरित झाली, असं मला वाटत नाही. अर्क उकळायला लागलेलं इंधन आणि धुण्याचं पाणी हिशोबात धरायला नको का?

आता माझा दुसरा पेला. मिथिलीन ब्ल्यूच्या यशानं चढलो होतो, म्हणून हौशी लोक बांधणीसाठी वापरतात तो लाल रिअ‍ॅक्टिव्ह रंग आणला. तसाच पेला, तीच पूड, तेवढीच ढवळाढवळ. अर्धा तास, एक तास, दोन तास. पाणी लाल ते लालच. व्हिनेगर घातल्यावर थोडं फिकट झाल्यासारखं वाटलं, तेही कदाचित माझ्या मनाचं समाधान.

कारण रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतो. टरफलही ऋणभारित. दोघांची तोंडं दोन दिशांना. आम्ल घातलं की टरफलाचा ऋणभार कमी होतो, म्हणून थोडा फरक पडतो. आणि नीट विचार केला तर यात नवल काहीच नाही. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ज्या रंगाला कापसानं नाकारलं, तोच रंग आपण कापसाच्या चुलतभावाला देऊ करतोय, तोही आकडा तुटलेला. त्यानं का घ्यावा?

या विषयावरचे शोधनिबंध वाचताना मला सर्वात जास्त खटकते ती हीच बाब. त्यातले पुष्कळसे मिथिलीन ब्ल्यूवर बेतलेले असतात. ते स्वाभाविकही आहे. हा रंग स्वस्त आहे, मोजायला सोपा आहे, १८७६ पासून रसायनशास्त्राच्या ओळखीचा आहे, आणि वनस्पतीच्या पुडीला हमखास चिकटतो. नव्याण्णव टक्के रंग काढला, असं शीर्षक छापून येतं. पण इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यात कुणी ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलेला मिथिलीन ब्ल्यू सोडत नाही. डाईंगच्या पाण्यात पाच-सहा रंग एकत्र असतात, पीएच दहा-अकराच्या घरात, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, मीठ ढीगभर असतं, साबण असतो, कांजी असते. सगळे जण त्याच त्या शेंड्यांवर जागा मागत असतात.

उपाय नाही असं नाही. टरफलाच्या किंवा चिपाडाच्या सेल्युलोजवर धनभारित अमोनियम गट बसवता येतो, म्हणजे भार उलटा होतो आणि ऋणभारित रंग धावत येतो. पण त्यासाठी कॉस्टिक सोडा आणि आणखी रसायनं लागतात, 'फुकटातला कचरा' मग फुकट राहत नाही. शिवाय मिठाचे क्लोराइडही त्याच धनभारित जागांसाठी रांगेत असतात. शेवग्याच्या बियांतलं प्रथिन मुळातच धनभारित असतं. गढूळ पाण्यातल्या ऋणभारित मातीला ते गोळा करतं म्हणून शेवग्याच्या बियांनी पाणी निवळतं. तेच प्रथिन मॅग्नेटाइटवर बसवण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि वनस्पतीच्या बाजूनं विचार केला तर ही दिशा मला जास्त सरळ वाटते.

थोडा हिशोब करू. समजा एका प्रोसेसमधून रोज एक लाख लिटर रंगाचं पाणी निघतं आणि लिटरला शंभर मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे दिवसाला दहा किलो रंग. प्रयोगशाळा सांगते, आमची पूड ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम रंग धरते. मग रोज शंभर किलो पूड पुरेल. पण ही कमाल क्षमता रंग दाट असतानाची असते; अधिशोषणाचं हे गणित लँगम्यूर यांनी १९१८ सालीच मांडून ठेवलं आहे. पाणी जसजसं स्वच्छ होत जातं तशी पुडीची पकड ढिली पडते. त्यात मीठ-साबणाची गर्दी. क्षमता पावपट झाली असं धरलं तर चारशे किलो पूड. रोज. ती पाणी पिऊन आणखी जड झालेली. धुऊन पाच वेळा वापरली तर रोजची नवी पूड ऐंशी किलोवर येते, पण मग धुतलेलं दाट रंगाचं पाणी वेगळं सांभाळायचं.

आणि चारशे किलो पूड उचलणारं चुंबक? बीकरला टेकवलेला चुंबक एका मिनिटात कमाल दाखवतो, पण चुंबकाची ओढ अंतराबरोबर भराभर उतरते. दहा फूट खोल टाकीच्या कडेला चुंबक लावून मधली पूड येणार नाही. त्यासाठी वेगळी युक्ती आहे. पाईपमध्ये बारीक स्टीलच्या तारांचा गुंता भरतात, भांडी घासायच्या तारेच्या घासणीसारखा, आणि बाहेरून विद्युतचुंबक चालू करतात. प्रत्येक तार छोटं चुंबक बनते आणि जवळून जाणारे कण धरते. वीज बंद केली की कण सुटतात. चिनी मातीतला लोखंडाचा अंश काढायला हे तंत्र कित्येक दशकं वापरात आहे, त्यामुळे ते हवेतलं नाही.

पाण्याच्या बाबतीतही दाखला आहे, ऑस्ट्रेलियातला. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं 'सिरोफ्लॉक' नावाची पद्धत काढली. पिण्याच्या पाण्यात कुजलेल्या पाल्यामुळे येणारा पिवळट-तपकिरी रंग काढण्यासाठी त्यांनी मॅग्नेटाइटची पूडच वापरली. पाणी किंचित आम्ल करायचं, म्हणजे मॅग्नेटाइटच्या पृष्ठभागावर धनभार येतो आणि ऋणभारित रंग चिकटतो. मग चुंबकानं पूड वेगळी, कॉस्टिकच्या पाण्यात धुवायची, परत पहिल्यापासून. पर्थ शहरासाठी असा प्रकल्प ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला होता. पुढे तिथेच चुंबकीय रेझिनचे मणी वापरणारी पद्धतही आली. दोन्हींत वनस्पतीचा अंश नव्हता, पण चुंबकानं उचलणं, धुणं आणि परत वापरणं मोठ्या प्रमाणावर चालतं, एवढं त्यातून दिसलं. आपल्या डाईंगच्या पाण्यापेक्षा ते पाणी पुष्कळच साधं होतं, हेही खरं.

एक गोष्ट मात्र ही पूड कितीही सुधारली तरी करणार नाही. ती मीठ काढणार नाही. तामिळनाडूतल्या तिरुप्पूरची कहाणी इथे आठवते. तिथल्या होजिअरीच्या डाईंगचं पाणी नोय्यल नदीत जाऊन खालच्या ओरत्तुपाळयम धरणात साचलं, शेतं खारावली, शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं डाईंगचे सगळे कारखाने बंद करायला लावले. सातशेच्या आसपास होते ते. पुढे एक थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर, आरओ आणि पाणी आटवण्याच्या यंत्रणा बसवून ते टप्प्याटप्प्यानं सुरू झाले. शेतकऱ्याची तक्रार रंगापेक्षा मिठाची जास्त होती. नदीत सोडायच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला २,१०० मिलिग्रॅमच्या वर नकोत असा आपल्याकडचा निकष आहे, आणि रिअ‍ॅक्टिव्ह डाईंगचं पाणी तो सहज ओलांडतं. रंग गेलेलं खारं पाणी दिसायला निर्मळ असतं. पुलावरच्या माणसाची तक्रार मिटते, विहिरीची मिटत नाही.

म्हणून मला या पुडीची जागा एकट्यानं सगळं करणाऱ्याची वाटत नाही. आरओच्या आधी एक टप्पा म्हणून ती चांगली शोभेल: रंग आधीच काढला तर आरओचं महाग पापुद्र्याचं फिल्टर लवकर खराब होणार नाही, आणि मागे उरलेलं मिठाचं पाणी बिनरंगाचं असेल तर तेच पुढच्या रंगकामाला वापरता येईल. छोट्या, रोज एकाच प्रकारचे रंग वापरणाऱ्या घटकांनाही ती जमू शकते.

वापरून संपलेल्या पुडीचं काय, हा प्रश्न उरतोच. ती सिमेंटच्या भट्टीत जाळता येते, लोखंड सिमेंटला चालतं. पुन्हा कमी हवेत तापवून रंगाचाच कोळसा करता येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तर पुडीतलं लोखंडच रंगाचे रेणू कापायला मदत करतं. फेंटन यांनी १८९४ मध्ये नोंदवलेली ही अभिक्रिया आहे, पण तिला पाणी बरंच आम्ल लागतं आणि तेवढ्या आम्लात लोखंड हळूहळू विरघळून पाण्यात उतरतं. कच्च्या मालाचंही तसंच. कोल्हापूर भागात चिपाड पडून राहत नाही. कारखाने ते जाळून वीज करतात, त्याला भाव आहे. शेंगांची टरफलं भट्ट्यांना जातात. खरोखर वाया जाणाऱ्या म्हणाल तर विदर्भातल्या पऱ्हाट्या, ज्या शेतकरी बांधावर जाळून टाकतो. त्या इथवर आणायचं ट्रकभाडं कुठल्याच शोधनिबंधात नसतं.

माझी निळी पूड फडक्यासकट वाळवून एका बरणीत भरून ठेवली आहे. ती कुंडीत टाकावी असं घरात सुचवलं गेलं, मी नको म्हटलं. ओल्या कचऱ्यात टाकली तर खतात जाईल, बेसिनमध्ये ओतली तर ओढ्यात. चार महिने झाले, बरणी खिडकीत आहे. लाल पाण्याचा पेला मात्र मी त्याच दिवशी मोरीत रिकामा केला होता.